कॅरल म्हणजे नाताळगीतच का?

प्रश्न असा: 'गुड किंग वेन्सेस्लस' या, नाताळात गायल्या जाणाऱ्या इंग्रजी कॅरलची चाल मुळात वसंतगीताची आहे म्हणतात. मग कॅरलला 'नाताळगीत' म्हणावं का?

आजच्या वापरात चालेल, पण शब्दाच्या मुळाशी ते नाही. 'नाताळ' आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, लॅटिन 'नातालिस'वरून, म्हणजे जन्माचा. 'कॅरल'मध्ये ना जन्म, ना सण. जुन्या फ्रेंचमध्ये 'कारोल' म्हणजे गात धरलेला फेर: एकानं कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं. (भोंडलाच, हत्ती वगळून.) पंधराव्या शतकातल्या इंग्रजीतही असा घाट असला की ते कॅरल, विषय कुठलाही. १४१५च्या आजिंकूरच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयावरही एक कॅरल आहे.

वेन्सेस्लसची गंमत अशी, की त्याला ध्रुवपद नाही आणि येशूजन्माचा उल्लेखही नाही. गोष्ट घडते २६ डिसेंबरला, संत स्टीफनच्या सणाला. चाल सापडते १५८२च्या 'पिए कान्सिओनेस' या संग्रहात. तिथले शब्द 'टेम्पुस आदेस्त फ्लोरिदुम', फुलांचा काळ आला. या संग्रहाची प्रत १८५३मध्ये जॉन मेसन नील या इंग्रज धर्मगुरूंच्या हाती आली आणि त्यांनी त्या चालीवर बर्फातल्या राजाची गोष्ट बसवली.

बसली कशी, ते मोजून पाहा. 'टेम्-पुस्-आ-देस्त-फ्लो-रि-दुम्' सात, 'सुर्-गुंत-नाम्-क्वे-फ्लो-रेस्' सहा. 'गुड-किंग-वेन्-सेस्-लस्-लुक्ट-आउट' सात, 'ऑन-द-फीस्ट-ऑफ-स्टी-फन' सहा. सरगम: सा सा सा रे सा सा प–, ध प ध नी सा– सा– (प, ध, नी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले). सातवं अक्षर दोन मात्रांचं, दुसऱ्या तुकड्यातली शेवटची दोन्हीही तशीच. म्हणून आठ अधिक आठ, सोळा मात्रा.

मराठी शब्द बसवताना फसगत होते ती शेवटच्या या दोन लांब जागांवर. तिथे 'घर', 'वन' असा शब्द आला की उच्चारात एकच अक्षर उरतं आणि गाणाऱ्याला 'घरऽ' असं ओढावं लागतं. 'आली', 'गेला' असे दोन दीर्घांचे शब्द तिथे नीट बसतात.

अशा उसन्या सुरावटीला 'चाल' हाच शब्द नेमका. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या गाण्याची ओळ छापलेली असे. त्याच धर्तीवर वेन्सेस्लसच्या डोक्यावर 'चाल: टेम्पुस आदेस्त' लिहायला हरकत नाही. गाण्याला मात्र 'कॅरल'च म्हणा.