जळालेल्या येझदीला हात लावण्याआधी

प्रिय पोरी,

जळालेल्या येझदी मोटारसायकलचे तू पाठवलेले फोटो काल रात्री मोबाइलवर मोठे करून करून पाहिले. शेडचा पत्रा वाकलाय, सीटचा नुसता सांगाडा उरलाय. जी टाकी तुझे बाबा दर रविवारी फडक्यानं पुसायचे, तिच्या रंगाचे पोपडे निघालेत. फार वाईट वाटलं. घरातली सगळी माणसं सुखरूप आहेत, हे मोठं. आता गाडीचं बघू.

तू विचारलंस, ‘इंजिन वरून चांगलं दिसतंय, किक मारून बघू का?’ नको. अजिबात नको. ही टू-स्ट्रोक गाडी आहे. कार्ब्युरेटरमधून आलेली हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यात, जाते आणि मग वर. म्हणजे काजळी, राख आणि आग विझवताना मारलेली ती पावडर, सगळं दोन किकांत थेट क्रँकच्या बेअरिंगवर जाऊन बसेल.

पहिलं काम कागदाचं. पॉलिसी काढून बघ. जुन्या गाड्यांना बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतात, त्यात आगीचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी जागची हलवू नकोस. अग्निशमन दलाचा दाखला मात्र दोन्ही परिस्थितीत घे. आणि चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून त्याचा ठसा आजच घेऊन ठेव. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नव्यानं करून घ्यावी लागते, तेव्हा आरटीओत हाच नंबर ताडून बघतात. वाळूचा मारा करून गंज-रंग काढणाऱ्या सँड ब्लास्टिंगवाल्याकडे फ्रेम जाईल तेव्हा नंबरवर जाड टेप लावूनच दे. तो एकदा खाल्ला गेला की गाडी चांगली असूनही कागदावर मेली.

ते आटोपलं की एक दिवसही दवडू नकोस. पावडर कोरडी आहे तोवर निमूट बसते, पावसाळी दमट हवा लागली की ॲल्युमिनियम खायला लागते. जळलेल्या वायरींच्या पीव्हीसीचा धूर जिथं बसलाय तिथंही ओल मिळाली की आम्ल तयार होतं. आधी कोरडा ब्रश, मग डिझेल, मग कोरडं फडकं, वर तेलाचा हात. पाण्याचा पाइप लावू नकोस. हातमोजे आणि मास्क घालूनच बस. ऑइल सीलचा कुठे काळा चिकट लगदा झाला असेल तर त्याला उघडा हात लावायचा नाही, काही सीलच्या रबरातून जळल्यावर फार जहाल आम्ल निघतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रम उघडून फुंकर मारू नकोस.

आता खरं सांगायचं ते. फोटोत कार्ब्युरेटरच्या जागी एक चकचकीत ओघळ दिसतोय, समईवरून तेल ओघळून थिजावं तसा. ते जस्ताचं मिश्रण आहे, चारशे अंशांच्या जरा आतच वितळतं. त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियमचं हेड मात्र शाबूत आहे, आणि ते वितळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. म्हणजे त्या जागी आग या दोहोंच्या मधे कुठेतरी होती. गाडीभर असंच फिर. टेललाइट कुठवर वाकली, सोल्डरिंगचे टाके कुठे सुटले, चकचकीत लोखंडावर निळी झाक कुठे आली (तीनशेच्या आसपास येते ती), सगळं वहीत मांड. आगीचा नकाशा तयार होईल.

हा नकाशा का, ते ऐक. जे वितळलं ते तर आपण बदलणारच. धोका जे चांगलं दिसतं त्याचा आहे. बेअरिंगचं पोलाद दोनशेच्या पुढे गेलं की त्याचा कडकपणा उतरायला लागतो. ॲल्युमिनियमही तसंच, आकार तोच राहतो आणि आतून ताकद गेलेली असते. मी तिशीत असताना एक जळालेली मोटारसायकल बांधली होती. मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला स्पोक बसतात तो भाग, काळा पडला होता, मी तो बफिंग करून आरशासारखा केला आणि नवे स्पोक भरले. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना ब्रेक लागला आणि हबच्या भोकांतून स्पोक ओढून निघाले. मालकाचं मनगट मोडलं. तो हब मी अजून ठेवलाय. भोकं गोल राहिली नाहीत, थेंबासारखी लांबट झालीत. तू आलीस की दाखवतो.

म्हणून दोन्ही हब, सगळे स्पोक, स्प्रिंगा, बेअरिंगं, केबली, वायरिंग यांवर माया करायची नाही. हब ठेवायचाच असेल तर आपल्या उद्यमनगरात हार्डनेस मशीनवर तपासून घेऊ, शेजारी त्याच मॉडेलचा न जळलेला हब ठेवून. फ्रेमची मला तेवढी चिंता नाही. ती साध्या नळीची आहे, सावकाश थंड झाली तर फार बिघडत नाही, फक्त वाकलीय का ते दोरी लावून बघू. क्रँककेसचे दोन्ही अर्धे सर्फेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवून फट मोजायला फिलर गेजची पाती घालू. थंड केसमध्ये नवं बेअरिंग नुसत्या बोटानं आत गेलं, तर ती केस संपली असं समज. टाकीला वेल्डिंग करू देऊ नकोस, रिकाम्या टाकीतली वाफही फुटते.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावानं पुन्हा गाड्या आल्या, पण त्यांचा एक बोल्टही आपल्याला उपयोगाचा नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मार, सकाळी लवकर. नवे बनवलेले पार्ट मिळतात, पण पत्रा पातळ असतो. मूळ मडगार्ड ठोकून सरळ होत असेल तर तोच ठेव. घाई करू नकोस, सहा महिने धर.

आणि बाबा अजून शेडकडे फिरकले नाहीत, असं लिहिलंयस. त्यांना खर्चाचं काही विचारू नकोस. रात्री पेट्रोल कॉक उघडा राहिला होता का, हे तर मुळीच विचारू नकोस, ते स्वतःला रोज विचारत असणार. त्यांना एवढंच विचार की पॉइंटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, बाबा कितीवर ठेवायचे. पुस्तकातलं नव्हे, त्यांचं स्वतःचं. ते आकडा सांगतील, तो मला कळव.

तुझा,
काका