आरोग्य शिबिरात वडिलांना (वय ७४) पंधरा प्रश्न विचारले आणि ९ गुण आले. म्हणजे त्यांना नैराश्य आहे का? ते म्हणतात, "वय झालं, दुसरं काही नाही."

९ गुण आले म्हणून नैराश्य आहेच असं नाही, पण कागद घडी करून कपाटात ठेवण्याइतकी ही किरकोळ गोष्टही नाही. वर्णनावरून ही जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची (ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपण्याच्या मापनाची) १५ प्रश्नांची छोटी प्रश्नावली दिसते. पाचच्या पुढे गुण गेले की डॉक्टरांनी नीट तपासावं, एवढंच ती सांगते.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आणि साठीपुढच्या पेशंटना हे प्रश्न नेहमी विचारते. झोप आणि भूक यांबद्दल त्यात एकही प्रश्न नाही, आणि ते मला फार योग्य वाटतं. सत्तरीत प्रोस्टेटमुळे रात्री चारदा उठावं लागतं, गोळ्यांनी तोंडाची चव जाते. त्यावरून मनाचं काय कळणार? त्याऐवजी कंटाळा येतो का, असहाय वाटतं का, आयुष्याबद्दल समाधान आहे का, असं विचारलेलं असतं.

आधी एक खात्री करा: वडिलांना नीट ऐकू येतं ना? शिबिराच्या गोंगाटात काही जण प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणून मोकळे होतात, आणि सगळी उत्तरं "हो" दिली तर आपोआप १० गुण होतात. ऐकू येत असेल, तर मात्र मी हे ९ गुण गांभीर्याने घेईन. मुलगा-सून शेजारी उभे असताना आपली माणसं "माझं काय, सगळं छान आहे" असंच म्हणतात. अशा वेळी आलेल्या दोन-तीन गुणांवर माझा विश्वास बसत नाही. चारचौघांत ९ येणं वेगळं. (विसरभोळेपणा बराच वाढला असेल तर ही प्रश्नावली पुरत नाही, घरच्यांनाही विचारावं लागतं.)

"वय झालं" हे उत्तर मला मान्य नाही. म्हातारपणातलं नैराश्य बरं होतं. गोव्यात तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी झोप, मधुमेहाची काळजी आणि रोजच्या अडचणी सोडवणं यांवर ज्येष्ठांशी काम केलं, तेव्हा वर्षभरात नैराश्य येण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी झालं. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

डॉक्टर बहुधा थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासतील. नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि या वयात त्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तेही तपासायला सांगा.

जगणं नकोसं वाटतं का, हे या पंधरा प्रश्नांत थेट विचारलेलं नाही. ते तुम्ही शांतपणे विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे.

तसं नसेल तरी याच आठवड्यात जा. ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबून वडिलांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.