गरिबी हटवायला सरकारं इतका खर्च करतात, तरी गरिबी का हटत नाही? पैसा कमी पडतो की कारभार?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, तेव्हा इथून दिसतं ते सांगतो. पैसा कमी पडतोच. पण ज्याच्या नावानं तो निघतो त्याला तो मागता येतो का, हिशेब विचारता येतो का, हे मला जास्त मोठं वाटतं.

२००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात जोडधंदा म्हणून दुधाळ जनावरंही होती. कोरडवाहू कपाशीच्या गावात, जिथं उन्हाळ्यात माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथं संकरित गाईला हिरवा चारा कुठून आणायचा? कोणत्याही शेतकऱ्यानं हे धुऱ्यावर उभ्या उभ्या सांगितलं असतं. विचारलं कोणी?

रोजगार हमीचं तसं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली, १९७७ मध्ये राज्यानं कायदा केला आणि पगारदारांच्या व्यवसाय करातून पैसा उभारला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं सांगितलं की मागणीपासून १५ दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. मजूर इथं हक्कानं मागतो. पण तो हक्क टिकतो नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरल्यावर मिळणाऱ्या तारखेच्या पोचपावतीवर. आमच्याकडे अर्ज ठेवून घेतात, ‘काम निघालं की सांगतो’ म्हणतात, पोच देत नाहीत. पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायचे कधीपासून? भत्ता बुडतो, आणि वर कळवलं जातं की गावात कामाला मागणीच नाही. कापूस वेचणी आटोपली की तीच माणसं लेकराबाळांसकट परमुलखात कामाला जातात. याचा मला मनापासून संताप येतो.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांच्या एका अनुदानातला सरासरी १३ टक्केच पैसा शाळांपर्यंत पोचला होता. मग कोणत्या जिल्ह्याला किती दिले ते सरकार वर्तमानपत्रात छापू लागलं, शाळांच्या भिंतीवर रकमा लागल्या. इतरही सुधारणा झाल्या, पण काही वर्षांत तो वाटा ८० टक्क्यांवर गेला.

कारभार सुधारेपर्यंत खर्चच थांबवा, हे म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. रेशनचं धान्य आणि हमीची मजुरी यांवर इथली कितीतरी घरं उन्हाळा काढतात.