वाचक विचारतात : नववी चिप नुसती बसून

प्रश्न : घरच्या प्रयोगांसाठी सर्व्हर जुळवतोय. इंटेलचा आय५-१२५०० प्रोसेसर हाताशी आहे. बोर्ड झेड६९० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप) घेऊ की डब्ल्यू६८०चा? मित्र म्हणतो, डीडीआर५ पिढीची रॅम घेतलीस की ईसीसी, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून सुधारण्याची सोय, आलीच.

उत्तर : मित्राचं अर्धंच खरं. डीडीआर५च्या चिपमध्ये दुरुस्तीची सोय असते, पण ती चिपच्या आतल्या आत. डेटा बाहेर पडून प्रोसेसरकडे जाताना वाटेत बिट उलटला, तर तिला पत्ताही लागत नाही. खऱ्या ईसीसीत जादा बिट थेट मेमरी कंट्रोलरपर्यंत, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचतात; डीडीआर४मध्ये ६४ बिटांमागे ८. एक बिट बिघडला तर तो सुधारतो, दोन बिघडले तर निदान बोंब तरी होते.

तेव्हा डब्ल्यू६८०च घ्या. खरं तर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, चिपसेटचा रॅमशी थेट संबंध नाही. पण इंटेलनं कुलूप चिपसेटला लावलंय. तुमच्या १२५००ला ईसीसी येते, तरी झेड६९०वर ती चालू होणार नाही. डब्ल्यू६८०चे काही बोर्ड डीडीआर४चे, काही डीडीआर५चे असतात, म्हणून रॅम बोर्डानंतर घ्या. जुनं सामान शोधणाऱ्यांनी ईसीसी चालणाऱ्या सी२३६ आणि सी२४६ या चिपसेटची नावं लक्षात ठेवावीत.

या कुलपाशी मी स्वतः आपटलोय. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ होता, ईसीसी चालणारा. रॅमही ईसीसीची, पट्टीवर आठऐवजी नऊ चिप्स आहेत हे बोटानं मोजून घेतलं होतं. बोर्ड मात्र साध्या, घरगुती चिपसेटचा. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं, कुठे तक्रार नाही. मशीनमधल्या सुट्या भागांची माहिती दाखवणारं डीएमआयडीकोड चालवलं, त्यानं रुंदी ७२ बिट दाखवली, मी खूश. दीड वर्षानं सहज लिनक्सच्या ईडॅकमध्ये (मेमरीच्या चुकांची नोंद ठेवणाऱ्या भागात) डोकावलो, तर तिथे एकही मेमरी कंट्रोलर नोंदलेला नाही! ते ७२ बिट रॅमच्या पट्टीचे होते, चालू असलेल्या दुरुस्तीचे नव्हेत. तुम्ही पहिल्याच दिवशी ईडॅकमध्ये एमसी०ची, म्हणजे पहिल्या मेमरी कंट्रोलरची नोंद आहे का ते बघा. सुधारलेल्या चुकांचा आकडाही तिथेच मिळतो. तो शून्य असला तर उत्तमच, पण आधी तो दिसायला हवा.

प्रश्न : एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ईसीसी जमेल का? जुन्या सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम (पट्टीवर संदेश झेलणारी मधली चिप असलेली) माझ्याकडे पडून आहे.

उत्तर : रायझन जमेल, ती रॅम नाही. रायझनच्या घरगुती बोर्डांना, आणि डब्ल्यू६८०लाही, अनबफर्ड, म्हणजे ती मधली चिप नसलेली ईसीसीच लागते. डीडीआर४ची रजिस्टर्ड पट्टी खाचेत नीट बसते आणि तिथेच माणूस फसतो. मशीन सुरूच होत नाही. एएमडीनं चिपसेटला कुलूप घातलेलं नाही, पण बोर्ड बनवणाऱ्यानं वायरिंग आणि बायोसची (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरची) सोय केलेली हवी. ५००० मालिकेतला नावाशेवटी ‘जी’ असलेला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल तर नावात ‘प्रो’ असलेलाच बघा. बोर्डाच्या माहितीपुस्तकात ‘ईसीसी रॅम नॉन-ईसीसी मोडमध्ये चालते’ असं वाक्य दिसलं, तर तो बोर्ड सोडून द्या.