सत्तेतल्या लोकांना करुणेचं आणि एकजुटीचं आवाहन करून खरंच काही फरक पडतो का?

नुसत्या आवाहनाने पडत नाही. करुणा कायद्यात उतरली आणि तिच्यामागे पैसा उभा राहिला, तरच पडतो. माझी आई रोजगार हमीच्या कामावर होती, म्हणून एवढं ठासून सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. ऐंशीच्या दशकात एका वर्षी पाऊस फिरला आणि उन्हाळ्यात गावात कामच निघेना. बाया तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तिथले साहेब वाईट नव्हते. ऐकून घ्यायचे, हळहळायचे, लेकरांना पाणी द्यायला लावायचे आणि "वरून मंजुरी येऊ द्या" म्हणून परत पाठवायचे. शेवटी गावातल्या एका शिकलेल्या पोराने सगळ्यांच्या नावाने कामाची मागणी लिहून दिली. साहेब पोच देईनात. आई आणि बाकीच्या बाया पायरीवर बसून राहिल्या, पोच हातात पडल्यावरच उठल्या. मागणीपासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, असा कायदाच होता. पाझर तलावाचं काम निघालं. साहेबांची हळहळ आधीही होतीच की!

हा कायदा सत्तेतल्याच माणसांनी केला, हेही खरं. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर गेली. विरोधकांनी मोर्चे काढून सरकारला स्वस्थ बसू दिलं नाही, आणि 1977 मध्ये कायदा मात्र एकमताने झाला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैशासाठी 1975 पासून नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. मी एकजूट म्हणते ती ही.

आमचे भावजी पगारपत्रकातले व्यवसाय कराचे दोनशे रुपये दाखवून "आम्ही फुकट्यांना पोसतो" म्हणतात. वर्षानुवर्षं ऐकतेय. भर उन्हात चौकडी, म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, खोदायची, माती डोक्यावरून वाहायची आणि मजुरी मापावर मिळायची, ह्यात फुकट काय आहे? त्या मजुरीवर आम्ही भावंडं शिकलो. आज माझ्याही पगारातून तो कर जातो आणि मला त्याचा अभिमान आहे.

खोटे हजेरीपट झाले, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, हेही मान्य. माप घेणारा इंजिनिअर भला असला तर बायांच्या पदरात चार पैसे जास्त पडायचे, त्यामुळे माणसाच्या चांगुलपणाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही.

आमदाराला पत्र लिहिणार असाल तर आवाहन करू नका. तालुक्यात मागणी करूनही काम न मिळालेल्या किती जणांना बेकारभत्ता दिला, ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. आणि भावजी, हे वाचत असाल तर पुढच्या उन्हाळ्यात गावी या, एक चौकडी खोदून दाखवा.