कुक काउंटीतला तो हजाराचा आकडा आणि तुमचा प्रश्न

तुम्ही लिहिलंय, नवऱ्याची बदली शिकागोला होतेय, मुलगी पाचवं वर्ष संपवतेय, आणि २०२१ मध्ये कुक काउंटीत, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं तिथे, हजारावर खून झाल्याचं वाचल्यापासून झोप लागत नाही, यावं का? व्हिसाचं सरकारी साइटवर मिळेल, ते सोडते.

आकडा खरा आहे. काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे, त्या वर्षी हजाराहून जास्त हत्यांची नोंद झाली. १९९४ नंतर पहिल्यांदाच. बहुतेक बंदुकीने. शिकागो पोलिसांचा आकडा तुम्हाला आठशेच्या आसपास दिसेल, गोंधळू नका: काउंटीत शिकागोशिवाय शंभरावर गावं आहेत, आणि एक्सप्रेसवेवरचे खून शहर पोलीस आपल्या हिशेबात धरत नाहीत. पुढे संख्या उतरत गेली, २०२४ मध्ये शहरात सहाशेच्या खाली आली.

काउंटीची वस्ती ५२ लाखांच्या घरात. पण धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. एंगलवूड, ऑस्टिन, नॉर्थ लॉनडेल, वेस्ट गारफिल्ड पार्क अशा मोजक्या वस्त्यांवर तो कोसळतो, आणि मरणाऱ्यांत बहुतेक कृष्णवर्णीय तरुण. आपली माणसं शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स अशा उपनगरांकडे राहतात, नाहीतर नेपरव्हिलला, जे या काउंटीत नाहीच. तेव्हा उत्तर सरळ आहे: या.

मला हे उत्तरच छळतं. आई नाशिकहून फोनवर विचारते, तेव्हा मी म्हणते, "ते तिकडे, गं. आमच्याकडे नाही." खरंही असतं. पण तिकडे म्हणजे गाडीने तासाभरावर, त्याच काउंटीत. एंगलवूडमधल्या आईने तिच्या आईला काय सांगायचं? २०२२ च्या ४ जुलैला हायलँड पार्कच्या परेडवर गोळीबार झाला, सात माणसं गेली. ते तर शेजारच्या लेक काउंटीतलं, श्रीमंत, शांत गाव. त्या रात्री आईचा फोन आला आणि माझ्याकडे "तिकडे" उरलं नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंत. होतो. गाडी शिका, महाराष्ट्र मंडळात जा, बस.

शाळेचं मात्र अजून डाचतं. १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. भाड्याचा करार, विजेचं बिल, लसींचा फॉर्म इथल्या डॉक्टरकडून भरलेला. एक कागद कमी पडला की परत पाठवतात. घरी कोणती भाषा बोलता, या रकान्यात मी मराठी लिहिलं, म्हणून लेकीला इंग्रजीच्या चाचणीला बसवलं. ती लाजून बोलली नाही, तर थेट वेगळ्या तासाला. घरी ती इंग्रजी पुस्तकं घडाघडा वाचत होती. पत्रं लिहिली, भेटले, ऐकून घेतलं गेलं, वर्ष तसंच गेलं. तरीही मराठीच लिहा. फक्त चाचणीचा दिवस आधी विचारून घ्या आणि मुलीला तयार करा.

आणि लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, ते दर वर्षी कायद्याने होतं. दिवे बंद, कोपऱ्यात बसायचं, आवाज नाही. आमच्या लेकीने रात्री जेवताना सांगितलं, "मी सगळ्यांत शांत बसले," आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली. मी दिली. द्यायला हवी होती की नको, मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेला विचारा की ड्रिल कधी आहे आणि मुलांना काय सांगतात. आणि त्याआधी घरी, मराठीत, तुम्ही स्वतः सांगा.