‘ममता’ पश्चात्तापाकडे कशी नेते?

एका वाचकांचा प्रश्न असा आहे : नव्या करारातल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय 2, वचन 4) प्रेषित पौलाने देवाची ममता माणसाला पश्चात्तापाकडे नेते असे म्हटले आहे. परंतु संतवाङ्मयात ‘अहंता-ममता’ ही जोडी सोडून देण्याजोगी मानलेली आहे. मग देवाच्या ठायी ममता कशी? शिवाय ममतेचा शेवट ‘तापा’त व्हावा हे विसंगत नाही का? तेथे ‘दया’ हा शब्द अधिक बरा ठरला नसता का?

आधी ‘ममता’ पाहू. ‘मम’ म्हणजे माझे, आणि त्याला ‘ता’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘माझेपणा’ असा अर्थ होतो. संतांनी निषेध केला तो घरदार, मानमरातब आणि देह यांना ‘माझे’ म्हणून कवटाळण्याचा. पण आपण आईची ममता म्हणतो तेव्हा तोच माझेपणा उलट दिशेने वाहतो. लेकरू माझे आहे, म्हणून त्याच्यासाठी रात्र जागायची, त्याचे चुकले तर ते आपलेच चुकले असे वाटून घ्यायचे. एका ममतेत ‘माझे’ म्हणणारा घेतो, दुसरीत ‘माझे’ म्हणणारा देतो. मराठी पवित्र शास्त्रातला शब्द हा दुसऱ्या अर्थाचा आहे, आणि माझ्या मते तो फार विचारपूर्वक योजलेला आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘ख्रेस्तॉतेस’. त्याचे विशेषण ‘ख्रेस्तॉस’ म्हणजे उपयोगी पडणारा, सोयीचा, भला. ‘माझे जू सोयीचे’ असे येशू म्हणतो (मत्तय 11:30), तेथे हेच विशेषण आहे. मानेला न काचणारे जू असते तसा तो भलेपणा. लूक 6:35 मध्ये देव कृतघ्नांशी आणि दुर्जनांशीही असाच वागतो असे सांगितले आहे, म्हणजे तो समोरच्याची लायकी पाहून बेतलेला नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘ख्रिस्तॉस’ (ख्रिस्त) आणि ‘ख्रेस्तॉस’ (भला) यांचे उच्चार इतके जवळचे होते की बाहेरचे लोक ख्रिस्ती या नावाचा उच्चार बऱ्याचदा चुकीचा करीत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्यावर लिहिले की, तुम्ही आमचे नाव चुकवता तेव्हाही त्याचा अर्थ गोडवा आणि भलेपणा असाच निघतो. आपल्या वागण्यावरून हे नाव खरे ठरते का, हा प्रश्न त्या उच्चारदोषाने प्रत्येक ख्रिस्ती माणसासमोर कायमचा ठेवला आहे असे मला वाटते.

वाक्यातले क्रियापदही नजरेआड करू नये. ममता पश्चात्तापाकडे ‘नेते’. ती ढकलत नाही आणि हाकतही नाही. न्यायचे म्हणजे नेणाऱ्यालाही बरोबर चालावे लागते. ग्रीकमध्ये येथे जे क्रियापद आहे तेच चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात येते : वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसाच्या जखमा बांधून, त्याला आपल्या जनावरावर बसवून, तो त्याला उतारशाळेत ‘नेतो’ (लूक 10:34). शिवाय पौलाचे क्रियापद वर्तमानकाळी आहे. नेणे एकदा घडून संपलेले नाही, ते चालू आहे.

आता ‘ताप’. ‘पश्चात्ताप’ म्हणजे पश्चात् + ताप, मागाहून होणारा दाह. शब्दाचा सारा रोख घडून गेलेल्या गोष्टीकडे आहे. ग्रीक ‘मेतानोइया’ मात्र मन पालटण्याबद्दल बोलतो, आणि जुन्या करारातला ‘शूव’ हा हिब्रू धातू तर सरळ पाय वळवण्याचा, माघारे फिरण्याचा आहे. या दोहोंच्या शेजारी आपला शब्द ठेवला की उणीव दिसते : जळणे त्यात आले, वळणे आले नाही. म्हणून तो वाचताना ‘मनपालट’ हा अर्थ मनात धरावा लागतो. तसा धरला की वाचकांना जाणवलेली विसंगती उरत नाही. कारण दाह धाकानेही निर्माण होतो, पण धाकाने वळलेला माणूस धाक सरला की पुन्हा पूर्ववत होतो. मन पालटते ते आपल्याला कोणीतरी ‘माझा’ म्हटले हे उमगल्यावर.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दोन भावांच्या दाखल्यात आहे. वाट्याची मालमत्ता परदेशी उधळून धाकटा परत निघतो तेव्हा त्याने वाक्ये घोकून ठेवलेली असतात : मी पाप केले आहे, आपला मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. येथवर तो तापच आहे. पण तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि मोलकऱ्याचे वाक्य मुलाच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप म्हणतो, हा ‘माझा’ मुलगा. थोरल्याची सर्वनामे तर अधिकच लक्ष देऊन वाचावीत. तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. ‘हा तुझा मुलगा’ असे म्हणून तो नाते बापाच्या अंगावर टाकून देतो. त्यावर बाप रागावत नाही, आधी ‘जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे’ असे सांगतो आणि मग तीच शब्दरचना ठेवून फक्त एक शब्द बदलतो : ‘हा तुझा भाऊ’. बापाची ममता ज्याला खरोखर पोचली, त्याच्या भाषेत ‘तुझा मुलगा’चे ‘माझा भाऊ’ व्हायला हवे. थोरल्याचे तसे झाले की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही.

म्हणूनच ‘दया’ मला येथे अपुरी वाटते. दया दुःखिताकडे वळते, आणि देणारा व घेणारा यांच्यातली उंची तशीच राहू शकते. पौलाचा श्रोता मात्र स्वतःला दुःखित मानणारा नाहीच. त्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो दुसऱ्याला दोष लावत बसलेला दिसतो. देवाने आपल्याला इतके दिवस सांभाळून घेतले याचा अर्थ आपण बरोबर आहोत असा त्याने लावला आहे, आणि सांभाळून घेतलेल्या माणसानेच शेजाऱ्याचा हिशेब मांडला आहे. पौल या वागण्याला ममतेचा अनादर म्हणतो.

मराठीत एक धागा मात्र दिसेनासा झाला आहे. आत्म्याच्या फळांत (गलतीकरांस 5:22) ‘ममता’ आहे, कलस्सैकरांस 3:12 मध्ये अंगी धारण करण्याच्या गुणांतही आहे. पण इफिसकरांस 4:32 मध्ये ‘एकमेकांबरोबर उपकारी व कनवाळू व्हा’ असे येते, तेथला ‘उपकारी’ हाच ‘ख्रेस्तॉस’ आहे हे मराठी वाचकाला कळायला मार्ग नाही. त्याच वचनात पुढे, देवाने जशी तुम्हांला क्षमा केली तशी तुम्हीही करा, असे आहे. ही तीन वचने रोमकरांस 2:4 च्या शेजारी ठेवून वाचली, तर देवाकडून मिळालेली आणि माणसाने माणसाला द्यायची ममता एकाच शब्दाची आहे हे ध्यानात येईल.

शेवटी लेखनाबद्दल : ‘पश्चाताप’ असे एका ‘त’ने लिहिलेले पुष्कळ ठिकाणी आढळते. ‘पश्चात्’मधला पाय मोडलेला ‘त्’ आणि ‘ताप’मधला ‘ता’ असे दोन्ही हवेत, म्हणून ‘पश्चात्ताप’.